कोर्टातल्याच माणसाने पैसे मागितले तर? कारवाई नेमकी होते कशी

आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टाच्या आवारात उभं राहिलं की हे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येतंच, "तक्रार करून फायदा काय जी, सगळे एकमेकांना वाचवून राहिले." उमरेड, काटोल, कामठीकडून तारखेला येणारा माणूस आधीच टेन्शनमध्ये असतो, त्यात बेलीफ (कोर्टाचे समन्स, वॉरंट बजावणारा कर्मचारी) किंवा क्लर्क "थोडं बघून घ्या" म्हणाला की तो खिशात हात घालतो, कारण त्याला वाटतं की तोंड उघडलं तर केस बिघडेल. ही भीती मला समजते, पण ती बरीचशी माहिती नसल्यामुळे आहे. म्हणून कोर्टातल्या कर्मचाऱ्यावर आणि न्यायाधीशावर बेइमानीसाठी कारवाई कशी होते, कोण करतं, कुठे अडकते, हे जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगतो.

पहिले दोन प्रश्न स्वतःला विचारायचे. तक्रार कोणाबद्दल आहे, आणि ती त्याच्या वागण्याबद्दल आहे की त्याने दिलेल्या ऑर्डरबद्दल. या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली की तक्रार चुकीच्या टेबलावर जाते आणि तिथेच मरते, मग लोक म्हणतात सिस्टीमच खराब आहे.

कोर्टात काम करणारे सगळे एकाच मालकाचे नोकर नसतात. शिपाई, बेलीफ, क्लर्क, स्टेनो, नाझर, अधीक्षक हे कोर्टाचे कर्मचारी, यांचे वरिष्ठ म्हणजे प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश, बहुतेकांची नेमणूक तिथूनच होते आणि शिस्तीची कारवाईही तिथूनच होते. खुर्चीवर बसलेले न्यायाधीश, म्हणजे दिवाणी न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, जिल्हा न्यायाधीश, यांच्यावर कंट्रोल हायकोर्टाचा, तो राज्यघटनेच्या कलम 235 ने दिलेला आहे. आपला वकील हा तिसराच माणूस, त्याला कोर्टाचा अधिकारी म्हणतात खरं पण तो सरकारी नोकर नाही, त्याची तक्रार 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते. आणि गेटबाहेर "साहेबांशी माझी ओळख आहे" म्हणणारा जो असतो तो यातला कोणीच नाही, तो दलाल, त्याला दिलेले पैसे बहुतेक वेळा त्याच्याच खिशात राहतात.

आता एक उदाहरण धरू. समजा उमरेडच्या एका काकांनी वाटणीचा दावा जिंकला, दरखास्त टाकली, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून द्या असा अर्ज केला, ताब्याचं वॉरंट निघालं, आणि बेलीफ म्हणाला की पाच हजार द्या नाहीतर तारीख पुढे जाईल. काकांनी दिले नाहीत. बेलीफ जागेवर गेलाच नाही, पण रिपोर्टमध्ये लिहिलं की प्रतिवादी मिळून आला नाही, घराला कुलूप होतं. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या, एक पैशाची मागणी आणि दुसरी खोटा रिपोर्ट, आणि लोकांचं लक्ष नेहमी पहिलीकडेच जातं. मला विचाराल तर दुसरी जास्त वाईट आहे, कारण बेलीफाचा रिपोर्ट खरा आहे असं धरूनच न्यायाधीश पुढची ऑर्डर करतात. कधी समन्स बजावलंच नसतं आणि बजावलं म्हणून लिहिलं जातं, मग समोरच्या माणसाविरुद्ध एकतर्फी निकाल लागतो आणि त्याला आपल्यावर केस होती हेही माहीत नसतं. नाझरच्या सेक्शनमध्ये कोर्टात भरलेले पैसे असतात, पोटगीचे, जामिनाचे, डिपॉझिटचे. मुद्देमाल रूममध्ये जप्त केलेल्या वस्तू असतात. तिथली बेइमानी म्हणजे सरळ अपहार, त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 316 (5) लागतं, जे 1 जुलै 2024 च्या आधी आयपीसी 409 म्हणून लोकांना माहीत होतं, आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

तर काकांपुढे रस्ते दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. एक फौजदारी रस्ता, म्हणजे गुन्हा. दुसरा खात्याचा रस्ता, म्हणजे नोकरीवरची कारवाई, विभागीय चौकशी, ज्याला ऑफिसातले लोक "डीई लागली" म्हणतात.

फौजदारी रस्ता लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडून, एसीबीकडून जातो, फोन नंबर 1064. एसीबी लगेच धाड टाकत नाही, आधी पडताळणी करते, म्हणजे पंचासमोर आणि रेकॉर्डर लावून खरंच मागणी होते का ते बघतात. मागणी दिसली की सापळा. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात, ज्याने नोटा हातात घेतल्या त्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. पण नुसतं गुलाबी पाणी पुरत नाही, हे लक्षात ठेवा. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नीरज दत्ता केसमध्ये सांगितलं की तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तरी बाकी परिस्थितीच्या पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण अशा केसेस वर्षानुवर्षं चालतात आणि तोवर तक्रारदार थकतो, किंवा त्याला कोणी समजावतं. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 खाली शिक्षा 3 ते 7 वर्षं आणि दंड.

आणि देणाऱ्याचं काय? 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे. पण नाइलाजाने द्यावी लागली असेल आणि देणाऱ्याने 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा एसीबीला कळवलं तर त्याला संरक्षण आहे, आणि आधीच कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर प्रश्नच येत नाही. हे सात दिवस लोकांना माहीतच नसतात, महिन्या दोन महिन्यांनी काम झालं नाही म्हणून राग येतो आणि तेव्हा तक्रार करायला जातात, तोवर ते स्वतःच अडचणीत आलेले असतात.

सापळ्यात अडकलेला कर्मचारी 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो आपोआप निलंबित धरला जातो. आता निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी नीट व्हावी, त्याने फाइलला हात लावू नये, साक्षीदारावर दबाव आणू नये म्हणून त्याला बाजूला बसवलेलं असतं. त्याला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराएवढा, आणि तीन महिन्यांनंतर तो वाढू शकतो. बरेच लोक "सस्पेंड झाला" ऐकून समाधान मानतात आणि घरी जातात, खरं काम तर त्यानंतर सुरू होतं.

खात्याचा रस्ता 1979 च्या दोन नियमांवर चालतो. वर्तणूक नियम सांगतात की कर्मचाऱ्याने कसं वागायचं, आणि शिस्त व अपील नियम सांगतात की तसा वागला नाही तर काय करायचं. आधी प्राथमिक चौकशी, तिच्यात काही तथ्य दिसलं तर दोषारोपपत्र. त्यासोबत चार जोडपत्रं असतात, त्यात दोषारोप काय, त्याचा तपशील काय, कागद कोणते, साक्षीदार कोण, हे सगळं लिहिलेलं असतं. कर्मचारी लेखी उत्तर देतो. आरोप मान्य नसतील तर चौकशी अधिकारी नेमतात, खात्याच्या बाजूने सादरकर्ता अधिकारी आणि कर्मचाऱ्याला बचावासाठी सहायक घेता येतो. साक्षी होतात, उलटतपासणी होते, अहवाल येतो, त्या अहवालाची कॉपी कर्मचाऱ्याला देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं आणि मगच शिक्षेची ऑर्डर. ऑर्डरवर अपील आहेच.

एवढं सगळं कशाला, पकडला ना, हाकला, असं वाटणं साहजिक आहे. पण राज्यघटनेचं कलम 311 आडवं येतं, आणि यायलाच पाहिजे. आरोप सांगितल्याशिवाय आणि बाजू मांडायची योग्य संधी दिल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही, काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. फौजदारी कोर्टात शिक्षा लागली असेल तर मात्र वेगळी चौकशी लागत नाही. हा नियम चोराला वाचवायला नाही. ज्या क्लर्कने एखाद्या बड्या पक्षकाराचं चुकीचं काम करायला नकार दिला आणि म्हणून त्याच्यावर खोटी तक्रार आली, त्याला वाचवायला आहे, आणि असे क्लर्क प्रत्येक कोर्टात आहेत, त्यांच्याचमुळे कोर्ट चालतं.

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ पुढच्या गोष्टीत होतो. क्लर्क फौजदारी कोर्टातून निर्दोष सुटला तरी खात्याने त्याला काढलं, हे कसं? किंवा उलटं, सुटला म्हणजे त्याला परत कामावर घ्यायलाच पाहिजे ना? नाही. दोन्हीकडे पुराव्याचं माप वेगळं आहे. फौजदारीत संशयाला जागा नको एवढं सिद्ध करावं लागतं, कारण माणूस तुरुंगात जाणार असतो. डीईमध्ये झालं असण्याची शक्यता न झाल्यापेक्षा जास्त आहे एवढं दिसलं तरी चालतं, कारण प्रश्न एवढाच असतो की या माणसाला या खुर्चीवर ठेवायचं का. काकांच्या केसमध्ये सापळा फसला असं धरा, पण बेलीफ त्या दिवशी जागेवर गेलाच नव्हता हे बाजूच्या दोन शेतकऱ्यांनी सांगितलं आणि रिपोर्टवरच्या पंचानेही सांगितलं की माझी सही कोर्टातच घेतली, तर लाचेची केस पडली तरी खोट्या रिपोर्टसाठी त्याची नोकरी जाऊ शकते. म्हणून मी म्हणतो की तक्रारीत फक्त "पैसे मागितले" एवढंच लिहू नका, कागदावर काय खोटं लिहिलं ते आधी लिहा, तारखेसकट. रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) आणि रिपोर्टची नक्कल काढून ठेवा. माणसं जबाब बदलतात, नक्कल बदलत नाही.

शिक्षा हलक्या आणि जड अशा दोन गटांत आहेत. ठपका, वेतनवाढ रोखणं, प्रमोशन रोखणं, नुकसान वसूल करणं या हलक्या. पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणं आणि बडतर्फी या जड. शेवटच्या दोघींत फरक आहे, काढलेल्या माणसाला दुसरी सरकारी नोकरी मिळू शकते, बडतर्फ झालेल्याला साधारणपणे नाही.

उशिराचा प्रश्न खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या एका कोर्ट कर्मचाऱ्याची केस 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात आली, प्रेम नाथ बाली नावाने ती ओळखली जाते. नक्कल विभागाचं काम बघणारा हा माणूस नऊ वर्षांहून जास्त काळ निलंबित राहिला आणि शेवटी सक्तीने निवृत्त झाला. कोर्टाने शिक्षा कायम ठेवली, पण सांगितलं की विभागीय चौकशी सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करा आणि काही कारणाने नाहीच जमलं तर फार तर एका वर्षात. विचार करा, नऊ वर्षं एक माणूस घरी बसून अर्धा पाऊण पगार घेतो, त्याचं काम दुसऱ्यावर पडतं, तक्रारदाराला काहीच कळत नाही आणि तो कर्मचारी निर्दोष असेल तर त्याचं आयुष्यच गेलं. त्याच वर्षी अजय कुमार चौधरी केसमध्ये असंही ठरलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे ओढता येत नाही.

रिटायर झाला म्हणजे सुटला, हेही पूर्ण खरं नाही. 1982 च्या पेन्शन नियमांतल्या 27 व्या नियमाप्रमाणे आधी सुरू झालेली चौकशी पुढे चालू राहते आणि पेन्शन कापता येते, पण रिटायरमेंटनंतर नवीन चौकशी लावायची तर चार वर्षांच्या आतल्या घटनेसाठीच लावता येते. म्हणून तक्रार लांबवू नका.

आता न्यायाधीश. इथे मी जरा सावकाश सांगतो कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथेच वाया जातात.

न्यायाधीशाने चुकीचा निकाल दिला, माझा अर्ज फेटाळला, समोरच्याला जामीन दिला, ही गैरवर्तणूक नाही. त्याला अपील, रिव्हिजन, रिट असे वरच्या कोर्टात दाद मागायचे रस्ते आहेत, आणि आपल्याकडे त्यासाठी हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ इथेच आहे, विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी. निकाल चुकला म्हणून नोकरी जायला लागली तर कोणताही मॅजिस्ट्रेट जामीन देताना दहा वेळा थरथरेल आणि शेवटी नुकसान गरीब आरोपीचंच होईल. पण निकालामागे पैसा, ओळख, राग किंवा निव्वळ बेफिकिरी असेल तर मात्र कारवाई होते. 1993 च्या के. के. धवन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हाच फरक सांगितला, चौकशी निर्णय बरोबर की चूक याची नसते, तो निर्णय घेताना अधिकारी कसा वागला याची असते. ती केस इन्कम टॅक्स अधिकाऱ्याची होती पण तत्त्व तेच. आपल्या नागपूरशी जोडलेली केसही आहे, इथे सेंट्रल एक्साइजचे कलेक्टर असलेल्या एका अधिकाऱ्याने एका कंपनीला दंड लावला नाही म्हणून त्यांच्यावर दोषारोपपत्र निघालं आणि 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, एका चुकीच्या ऑर्डरवरून बेइमानी धरता येत नाही म्हणून. पुढे 2006 मध्ये मात्र कोर्टानेच सांगितलं की 1993 चा मोठ्या पीठाचा निकालच पाळायचा. आणि 2019 मध्ये बिहारच्या एका न्यायाधीशाच्या केसमध्ये, ज्यांनी हायकोर्टाने नाकारलेला जामीन दिला होता, पुन्हा सांगितलं की बाहेरच्या हेतूचा काही पुरावा नसेल तर चूक म्हणजे गैरवर्तणूक नाही.

बेइमानी दिसली तेव्हा मात्र सुप्रीम कोर्टाने हयगय केलेली नाही, आणि यातल्या दोन ठळक केसेस मुंबई हायकोर्टाच्याच आहेत. 1997 ची केस एका न्यायाधीशाची, पक्षकार असलेल्या बाईकडे माणूस पाठवून पैसे मागितल्याचा आरोप होता. 1999 ची दुसऱ्या न्यायाधीशाची, तिथे चौकशी अधिकाऱ्याने निर्दोष म्हटलं होतं पण हायकोर्टाच्या शिस्त समितीला ते पटलं नाही. दोन्ही वेळा हायकोर्टाने प्रशासकीय बाजूने, म्हणजे न्यायाधीशांचा वरिष्ठ म्हणून, घेतलेला निर्णय हायकोर्टाच्याच न्यायिक बाजूने, म्हणजे केस ऐकणाऱ्या पीठाने, रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उभा केला. म्हणजे आपलं घर आपणच झाकतात असं सरसकट म्हणणं बरोबर नाही.

न्यायाधीशांची चौकशी हायकोर्टच करतं, सरकारच्या हातात ती देता येत नाही. 1974 च्या शमशेर सिंग केसमध्ये पंजाबच्या हायकोर्टाने सरकारच्या व्हिजिलन्स खात्याकडून चौकशी करून घेतली होती, सात न्यायमूर्तींनी सांगितलं की हे चुकलं, हे काम तुमचं. बडतर्फीची ऑर्डर राज्यपालांच्या नावाने निघते पण ती हायकोर्टाच्या शिफारशीप्रमाणे. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचा रस्ता मात्र पूर्ण वेगळा, 1991 च्या वीरास्वामी निकालाप्रमाणे सरन्यायाधीशांना विचारल्याशिवाय त्यांच्यावर एफआयआर नाही आणि काढायचं तर संसदेतून, 1993 मध्ये व्ही. रामस्वामी यांच्यावरचा ठराव लोकसभेत पडला, 2011 मध्ये सौमित्र सेन यांच्यावरचा राज्यसभेत पास झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. आपल्यासारख्याला बहुतेक खालच्या कोर्टाशीच काम असतं म्हणून यावर जास्त थांबत नाही.

न्यायाधीशाविरुद्ध तक्रार हायकोर्टाकडे पाठवायची, प्रबंधकांच्या (रजिस्ट्रारच्या) नावाने. 2014 पासून सरन्यायाधीशांच्या सूचनेप्रमाणे सोबत शपथपत्र आणि तपासता येईल असा काहीतरी आधार लागतो, नुसत्या अर्जावर किंवा निनावी पत्रावर कारवाई होत नाही. पुष्कळ तक्रारी या एका कारणानेच बाजूला पडतात. आणि कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाचा अवमान लागेल ही भीती असेल तर त्यासाठीच्या 1971 च्या कायद्याचं कलम 6 वाचा, खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल हायकोर्टाकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार हा अवमान होत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन टाकलेल्या मेसेजला मात्र हे संरक्षण नाही, म्हणून राग आला तरी तो कागदावरच काढा आणि योग्य जागी द्या.

त्याच कोर्टात केस चालू आहे म्हणून धाकधूक वाटत असेल तर तक्रार वेगळी आणि केस दुसऱ्या कोर्टात न्या हा अर्ज वेगळा, दिवाणी केसमध्ये तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा हायकोर्टात करता येतो. एक लक्षात घ्या, तक्रार केल्याने आधीचा निकाल बदलत नाही, अपीलाची मुदत थांबत नाही. लोक तक्रारीचं उत्तर येईल म्हणून थांबतात आणि मुदत निघून जाते, हे फार दुखतं बघायला.

तक्रारीचं पुढे काय झालं हे आरटीआयमध्ये विचारता येतं, पण मर्यादा आहे. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने गिरीश देशपांडे केसमध्ये, जी अकोल्याच्या पीएफ ऑफिसमधल्या एका अधिकाऱ्याबद्दल होती, सांगितलं की कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, नोटिसा, शिक्षेच्या ऑर्डर ही त्याची खाजगी माहिती आहे, मोठं सार्वजनिक हित दाखवलं तरच मिळेल. मला हे पटत नाही, ज्याच्या खोट्या रिपोर्टमुळे काकांचं शेत अडकलं त्याला काय शिक्षा झाली हे काकांना कळायला पाहिजे. तरी निकाल आहे तो आहे, त्यामुळे आरटीआय अर्जात त्याच्या फाइलची कॉपी मागू नका, माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली आणि ती आज कोणाकडे आहे एवढंच विचारा. आणि त्यासाठी तक्रार देतानाच आवक नंबर आणि तारखेचा शिक्का मारलेली आपली कॉपी घेतलेली पाहिजे.